वीणेचा पहारा

आमच्या हळ्ळीखेडाच्या नावापुढे ‘बी’ लागतो तो बुजुर्गचा. मराठी मुलखात ज्याला बुद्रुक म्हणतात, तोच हा निजामी दप्तरातील बुजुर्ग, म्हणजे थोरला. हा थोरलेपणा गावाहून गावच्या भजनी मंडळासच अधिक शोभतो, असे मला आपले वाटत आले आहे.

आजोबांच्या वेळच्या मंडळातील एकही माणूस आज हयात नाही. तरी मंडळ तेच, असे आम्ही म्हणतो. त्या वेळचा पखवाजी उदगीरकडचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि आम्ही म्हैसुरात आलो. पखवाजी एका रात्रीत परराज्यातला झाला. एकादशीस मात्र तो जुन्याच वाटेने येई. त्याच्यामागून दुसरा आला, मग तिसरा. कोणी नोकरीसाठी हैदराबादेस गेला, कोणी थकला, कोणी रुसला. (रुसव्यावाचून भजनी मंडळ कसले!) जागा रिकामी राहिली नाही.

खरी पंचाईत अलीकडची. आजचे तरुण कानडी शाळांत शिकलेले. कित्येकांच्या घरीही कानडीच. अभंग त्यांनी कानडी लिपीत उतरून घेतले आहेत. ‘चंद्र’ आणि ‘चांदणे’ यांतील ‘च’ निराळे. देवनागरीतही अक्षर एकच, हे खरे; परंतु मराठी वाचनात मुरलेली जीभ आपोआप वळते, यांची वळत नाही. “हे मंडळ आता आपले राहिले नाही, बुवा,” असे एक वृद्ध टाळकरी मला म्हणाले. मला ते पटले नाही; मनातून काढूनही टाकता आले नाही.

हुमनाबादला लागूनच माणिकनगर आहे. तेथील श्रीमाणिकप्रभूंची (१८१७–१८६५) पदे मराठीत आहेत, कानडीत आहेत, हिंदुस्थानीतही आहेत. त्या आवारात कोणत्या पदाला परके म्हणावे?

आमच्या सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवावयाची नाही. पहारा बदलताना घेणारा व देणारा एकमेकांस नमस्कार करतात, आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. गोमंतकीय वाचकांस वास्कोचा दामोदर सप्ताह ठाऊकच आहे. तेथे चोवीस तास भजन अखंड चालते. गाणारे बदलतात, सूर तुटू देत नाहीत.

गेल्या सप्ताहात रात्री दोनचा पहारा त्याच वृद्ध टाळकऱ्यांचा होता. पुढचा पहारा कानडी वहीवाल्या एका मुलाचा. तो पाया पडण्यास वाकला, तेव्हा हेही वाकले. रीतच तशी आहे. वीणा देऊन ते घरी गेले नाहीत. खांबाला टेकून बसले आणि मुलाने धरलेल्या अभंगात जेथे ‘च’ येई, तेथे जरा मोठ्याने म्हणू लागले.