आधी न्हाणी, मग दिवाणखाना



परवा धाकट्या जावेचा फोन आला. "ताई, घर दुरुस्तीला काढतोय. पैसे थोडेच आहेत, सुरुवात कुठून करू?" मी म्हटलं, "आधी अनवाणी न्हाणीत जाऊन उभी राहा." तिला वाटलं, मी थट्टा करतेय.

थट्टा नव्हती. आमचं सांगलीतलं घर सासऱ्यांनी 1984 साली बांधलेलं. 2011 च्या मे महिन्यात मुलाचं लग्न होतं, म्हणून आम्ही घराला हात घातला. हाताशी दोन लाख होते. पाहुणे येणार, चार लोक बघणार, म्हणून दिवाणखान्याला चकचकीत फरशी, पीओपीचं छत आणि भारीतला रंग केला. न्हाणीतली फरशी झिजून गुळगुळीत झाली होती. उतार बिघडल्यामुळे पाणी जाळीकडे न जाता कोपऱ्यात साठायचं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. "ते पुढच्या वर्षी बघू," असं म्हणाले कोण? मीच.

त्याच पावसाळ्यात स्लॅब गळला आणि नव्या पीओपीवर पिवळे डाग पडले. ते पैसे पाण्यात गेले, इतकंच. पण मार्गशीर्षात एका पहाटे, सामायिकाला बसायच्या आधी अंघोळीला गेलेल्या सासूबाई घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. मंदिराच्या पायऱ्या त्या पुन्हा कधी चढल्या नाहीत. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "दिवाणखान्याची फरशी छान आहे गं. पण तीही निसरडीच आहे."

आपण पाणी गाळून पितो, धान्य निवडून-पाखडून घेतो, मुंगीला जपतो. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या पायाखालची फरशी मी वर्षभर पुढे ढकलली. प्रमादातून, म्हणजे आपल्या बेफिकिरीतून होणारी इजा हीसुद्धा हिंसाच, हे प्रवचनात किती वेळा ऐकलं होतं!

मग वही काढली. मी बी.कॉम. झालेली. कॉलेजात यंत्रांचा, इमारतींचा घसारा काढायला शिकले, पण ज्या घरात राहते त्याचा घसारा कधी धरला नव्हता. दरमहा 3,000 रुपये वेगळ्या खात्यात टाकायला लागले आणि सगळी कामं चार रकान्यांत मांडली.

पहिला रकाना: न केल्यास माणसाला इजा होईल ते. न्हाणीला खरखरीत फरशी, जाळीकडे नीट उतार, भिंतीला धरायला स्टीलची दांडी. गीझरच्या पॉइंटला अर्थिंगच नव्हतं, तेही यातच.

दुसरा: न केल्यास घराला इजा होईल ते. गच्चीचा कोबा, गंजलेले पाण्याचे पाइप.

तिसरा: सोयीचं. स्वयंपाकाचा ओटा, कपाटं.

चौथा: शोभेचं. रंग, छत, पडदे.

पहिल्या रकान्यातलं काम 2012 सालीच, उसनवारी करून पुरं केलं. बाकीचं पैसे साठतील तसं पाच वर्षांत. मात्र एक पथ्य पाळलं. भिंतीतली वायरिंग आणि पाइप यांची फोडाफोड आधी, मग प्लास्टर, रंग सगळ्यात शेवटी. नाहीतर एकाच भिंतीचे पैसे दोनदा मोजावे लागतात.

वेळेचंही तसंच. गच्चीचं काम फाल्गुन-चैत्रात उरकायचं. कोबा झाल्यावर त्यावर पाणी साठवून ठेवायचं आणि खालून ओल दिसते का बघायचं. मग एक पावसाळा जाऊ द्यायचा. भिंती कोरड्या राहिल्या, तरच दिवाळीच्या सुमारास रंग. चातुर्मासात आम्ही फोडाफोड, खणाखणी करतच नाही. त्या दिवसांत जीवजंतू जास्त असतात, आणि तसंही पावसाळ्यात प्लास्टर लवकर वाळत नाही. जुनं सामान हलवण्याआधी गवंड्याकडून मऊ झाडूनं कोपरे झाडून घ्यायचे, दिवस मावळला की काम बंद. गवंडी आधी हसला, नंतर स्वतःच झाडू मागायला लागला.

चौथा रकाना निम्मा तसाच राहिला. पडद्यांवाचून काही अडलं नाही. परिग्रह कमी करायला नेम घ्यावा लागतो म्हणतात, मला या वहीनंच शिकवलं.

सासूबाईंनी नवी न्हाणी चार वर्षं वापरली. रोज पहाटे ती दांडी धरल्याचा आवाज यायचा आणि मी अंथरुणातच हात जोडायचे. दर क्षमावाणीला त्यांच्या पाया पडून माफी मागायचे. त्या नुसत्या डोक्यावरून हात फिरवायच्या.

संध्याकाळी जावेचा पुन्हा फोन आला. "ताई, उभी राहिले. पाय सरकला."

म्हटलं, "मग तिथूनच सुरुवात कर."