वर पांढरा, खाली पिवळा

लग्नानंतर पहिल्यांदा मुंबई पाहिली ती 1984 च्या मे महिन्यात. थोरल्या बहिणीचे, अक्काचे, बिऱ्हाड वरळीच्या बीडीडी चाळीत होते. रात्रभर एसटीत बसून दादरला उतरलो. हातात बाजरीच्या पिठाचे गाठोडे आणि शेंगदाण्याची पिशवी. माण तालुक्यातून मुंबईला जाणाऱ्याच्या हाती त्या काळी दुसरे काय असणार?

या चाळी गोऱ्या सरकारने 1920 नंतरच्या चार-पाच वर्षांत बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून 207 इमारती. त्यातल्या 121 एकट्या वरळीत. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस-वीस खोल्या. मधून लांब बोळ आणि त्याच्या दोन्ही अंगांना दारे. भर दुपारीही त्या बोळात दिवा लागायचा. आमच्याकडची कितीतरी कुटुंबे त्या खोल्यांत वाढली, म्हणून बोळातून जाताना कानावर पडायची ती आपल्याकडचीच बोली.

अक्काची खोली 160 चौरस फुटांची. माणसे सात. मी मनात म्हटले, हिची चूल कुठे आणि ही स्वयंपाक कुठे करते? खिडकीजवळच्या कोपऱ्यात मोरी होती आणि मोरीला लागून सहा फूट लांब, चार फूट रुंद एवढीच जागा. तेच स्वयंपाकघर. पण तिथे पाऊल टाकले आणि डोळ्यांना बरे वाटले. भिंतीला वर पांढरी कपाटे, खाली ओट्याच्या आत पिवळी. चाळीस वॅटचा एक बल्ब, पण पातेल्याच्या तळाशी चिकटलेला भातही दिसत होता.

कपाटे दाजींनी केलेली. दाजी गिरणीत साच्यावर होते. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार घरी बसले आणि त्यातल्या पुष्कळांना पुन्हा काम म्हणून मिळाले नाही. दाजी त्यातलेच. शेजारच्या चाळीतल्या एका सुताराच्या हाताखाली रंधा धरायला शिकले, रंगकाम शिकले. स्वतःच्या घरी पहिले काम केले ते हेच, 1983 साली. लाकूड मोडक्या खोक्यांचे. पिवळा रंग कुणाच्या तरी दुकानाच्या कामातून उरलेला.

“वर पांढरा आणि खाली पिवळा, हे कसे सुचले?” मी विचारले.

दाजी हसले. “मला कुठले सुचते? तुझ्या अक्काने सांगितले, आईच्या भिंतीसारखे करा.”

आणि खरेच की! आमची आई दिवाळीच्या आधी भिंतीला वर चुन्याची सफेदी द्यायची आणि खाली कमरेएवढा पिवडीचा पट्टा ओढायची. वर चुना, म्हणजे झरोक्यातून येईल तेवढा उजेड घरभर फिरतो. खाली पिवडी, म्हणजे पोरांचे हात, पाण्याचे शिंतोडे आणि हळदीचे डाग नजरेला येत नाहीत. अक्काने तेच मुंबईला नेले होते.

दाजींनी त्यात स्वतःची अक्कल घातली होती, ती सांगितली पाहिजे. वरची कपाटे नऊ इंचच खोल ठेवली, म्हणजे ओट्यावर वाकले की कपाळ आपटत नाही आणि डब्यामागे डबा लपत नाही. खालची दीड फूट. दारे उघडमिट करणारी न लावता सरकती लावली, कारण चार फुटांत दार उघडले तर बाईने उभे कुठे राहायचे? आणि कपाटांच्या आतही पांढराच रंग. आतून कपाट काळोखे असले की झुरळाला राज्य मिळते आणि मिठाचा डबा शोधायला चाचपडावे लागते.

एक खोड मात्र मी पुढच्या खेपांना पाहिली. बंद कपाटाच्या आतला पांढरा तेलरंग काही वर्षांत पिवळट पडला. उजेड नसला की तो तसा पडतोच, आणि त्यात स्टोव्हचा धूर. अक्का म्हणायची, “पिवळा आहे तसाच आहे आणि पांढराही त्याच्याच वाटेने चाललाय!” आता पाण्यात कालवायचे एनॅमल मिळते, त्याला वासही कमी आणि ते इतके पिवळट पडत नाही.

दाजी गेले. चाळींच्या जागी उंच इमारती उठू लागल्या. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीला पहिल्या 556 घरांच्या किल्ल्या वाटल्या, त्यात अक्काच्या मुलाचे घर होते. 160 च्या जागी 500 चौरस फूट. मी दिवाळीत जाऊन आले. स्वयंपाकघर वेगळे, खिडकी मोठी, सून हौशी. तिने सगळे नवे करून घेतले. दाजींची कपाटे सामानाबरोबर तिथवर आली होती, ती गॅलरीत उभी. भंगारवाला यायचा होता. अक्का त्यावर काही बोलेना. मी म्हटले, “मला द्या.” आणि गावाकडे येणाऱ्या एका रिकाम्या टेंपोत ती चढवली.

आमचे स्वयंपाकघर आठ बाय सातचे. एका अंगाला गोठ्याची पडवी, त्यामुळे एकच खिडकी, तीही उत्तरेला. अशा खोलीला पिवळा उजवतो. दुपारचे ऊन थेट येणारे स्वयंपाकघर असेल तर भडक पिवळा डोळ्यांत टोचेल. तिथे फिकाच बरा, आणि तोही खालीच.

कपाटांचा पिवळा रंग जागोजाग पोपडे धरून सुटला होता. मी पॉलिश पेपर घेऊन अंगणात बसले, शेजारी रांगणारी नात. तेवढ्यात भाच्याचा फोन आला. तो रंगाच्या दुकानात काम करतो. “मावशी, हात लावू नका!” म्हणाला. जुन्या पिवळ्या तेलरंगात शिसे असायचे. तो रंग यायचाच मुळी शिशापासून. ती धूळ लहान मुलाच्या पोटात गेली तर त्याच्या मेंदूला अपाय होतो, आणि गेलेले परत येत नाही. केंद्र सरकारने 2016 साली नियम केला आणि नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक शिसे चालत नाही. पण आमची कपाटे 1983 ची.

नातीला उचलून घरात दिले. मग त्याने सांगितले तसे केले. खाली प्लास्टिकचा कागद अंथरला, नाकाला धुळीचा मास्क बांधला, रंग आधी पाण्याने भिजवला आणि सुटलेले पोपडे तेवढेच ओल्यानेच काढले. घट्ट बसलेल्या रंगाला खरवडले नाही. पोपडे कागदासकट पिशवीत बांधले, फरशी ओल्या फडक्याने पुसली, कपडे वेगळे धुतले. आमच्या यजमानांनी एक तुटकी फळी बंबात घालायला उचलली होती, तीही हातातून काढून घेतली. रंगवलेले जुने लाकूड चुलीत किंवा बंबात जाळायचे नाही, त्या धुरात आणि राखेतही तेच विष. आणि गोठ्याजवळ तर ठेवूच नये. जनावरांना रंग चाटायची खोड असते आणि शिशाने ती दगावतात. अशा जुन्या दारे-खिडक्या किती गोठ्यांना लावलेल्या असतील, कोण जाणे.

पुढचे काम सोपे. खड्ड्यांत लांबी भरली, प्रायमरचा एक हात दिला, वाळू दिले, मग रंगाचे दोन हात. पहिला हात रात्रभर वाळवूनच दुसरा. घाई केली की रंग सुरकुततो. एका लिटरमध्ये एका हाताला साधारण 100 चौरस फूट होतात, तेव्हा दोन्ही रंगांचा एकेक लिटरचा डबा पुरून उरला. डब्यावर शिसे नसल्याचे लिहिलेले पाहून घेतले.

वरच्या डाव्या कपाटात, आतल्या अंगाला, दाजींच्या हातची पेन्सिलची मापे होती: लांबी, खोली आणि “मोरीकडची बाजू.” तेवढी वीतभर जागा कोरी सोडून बाकी सगळे रंगवले.

माघात अक्का जत्रेला आली. चहा होईपर्यंत ओट्यापाशी उभी राहिली. वरचे डावे कपाट सरकवून बघितले, परत लावले, आणि म्हणाली, “साखर उजवीकडे ठेवलीस का गं? तिकडे मुंग्या येतील.”