दोऱ्याची माशी, नारळाच्या शेंडीचे पंख

आमच्या अल्लीपूरच्या पोरांना गळ नवा नाही. गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावून पाण्याकाठी तासन्‌तास बसतात. म्हणून परिसर अभ्यासात कीटकांचं जीवनचक्र आलं तेव्हा नेहमीचं फुलपाखरू बाजूला ठेवलं आणि कॅडिस माशी घेतली.

ही फुलपाखराच्या जवळच्या नात्यातली. अळी पाण्यात राहते. तोंडाजवळून रेशीम काढून वाळूचे कण, काड्या चिकटवते आणि स्वतःभोवती नळीसारखं घर बांधते. (सगळ्या जाती नाही, काही दगडांमध्ये जाळं विणतात.) कोषही पाण्यातच. मग माशी वर येते, आणि नेमकं तेव्हाच ट्राउट मासा तिला गट्ट करतो.

ट्राउट आपल्या वर्धा नदीत सापडायचा नाही, त्याला थंड पाणी लागतं. इंग्रजांच्या काळात तो काश्मीर, कुलू, निलगिरीकडे आणून सोडला. त्याला फसवायला हौशी लोक गळावरच दोऱ्यानं खोटी माशी बांधतात. अमेरिकेतल्या अल ट्रॉथ यांची १९५७ची माशी प्रसिद्ध आहे. तिचे पंख एल्क नावाच्या मोठ्या हरणाच्या केसांचे. हे केस आतून हवा धरतात, म्हणून ती तरंगते.

वर्गात गळ नको, म्हणून यू-पिन सरळ करून घेतली. तिला तपकिरी लोकर गुंडाळली, वरून कोंबड्याच्या मानेचं पीस फिरवलं. शेवटी डोक्याशी नारळाच्या शेंडीचे केस, टोकं मागे ठेवून, दोऱ्यानं आवळायचे. बहुतेकांनी पंख दोन्हीकडे पसरले, चित्रातल्या फुलपाखरासारखे.

एका मुलानं मात्र हात थांबवून विचारलं, "सर, बसेल माशी करायची का उडती?" बसलेली, म्हटलं. त्यानं केस दाबून घराच्या उतरत्या छपरासारखे बसवले. कॅडिस अगदी तशीच बसते. कसं कळलं? "पावसात लाईटाजवळ असेच पाखरं येते ना."

हा मुलगा दोन ओळींपुढे लिहीत नाही. "हा नुसता पाण्यावरच असते," म्हणून त्याचे वडील शाळेत तक्रार घेऊन आले होते. मी ती माशी त्यांच्या हातावर ठेवली आणि पुढच्या रविवारी त्याच्यासोबत जा, एवढंच सांगितलं. ते काही बोलले नाहीत. माशी उलटसुलट करून पाहत राहिले.

मूल्यमापनाच्या नोंदवहीत त्याचा प्रश्न जसाच्या तसा लिहून ठेवला आहे. जीवनचक्राच्या चार चौकटी त्यानं अजून भरलेल्या नाहीत.