शेकलेली हलगी

परवा मुलाने मला बार्टोकचा एक सोनाटा ऐकवला. पाश्चात्य संगीताशी माझी ओळख लग्नातल्या बँडपुरती. तेव्हा दोन पिआनो आणि तालवाद्ये हा बेत ऐकून मी कंटाळण्याच्या तयारीनेच बसलो. पंचवीस मिनिटांनी उठलो तो अस्वस्थ होऊन.

हा हंगेरियन संगीतकार १९०६ सालापासून फोनोग्राफ घेऊन खेडोपाडी हिंडत होता. शेतकऱ्यांची गाणी त्याने मेणाच्या नळकांड्यांवर उतरवून घेतली. १९३६ च्या नोव्हेंबरात तो तुर्कस्तानात, अदानाच्या बाजूला गेला. तिथे एका घरात त्याच्यासाठी झुर्ना आणि दावुल वाजू लागले. झुर्ना आपल्या सनईच्या कुळातला. दावुल म्हणजे ढोल, एका अंगाला जाड दांडका, दुसऱ्या अंगाला बारीक काठी. प्रत्येक ठोक्याला दिव्यांच्या ज्योती उडत होत्या, असे त्याने लिहून ठेवले आहे! पुढच्याच उन्हाळ्यात त्याने हा सोनाटा रचला. एकातून दुसरे निघाले, असे मी म्हणत नाही. पण असा ढोल ऐकलेला माणूस ढोलाला नुसता ठेका धरायला थोडाच बसवील?

१६ जानेवारी १९३८ रोजी बाझेलला बार्टोक आणि त्याची पत्नी दित्ता दोन पिआनोंवर बसली, आणि त्यांच्या जोडीला दोन तालवादक. तालवाद्यांचा मान पिआनोच्या बरोबरीचा, असे त्याने स्वतःच सांगितले होते. झांज कडेला वाजवायची की मध्ये, हेसुद्धा तो लिहून देतो. टिंपनीचा सूर पायाखालची कळ दाबून असा चढवतात, की मला डग्ग्यावर मनगट घासून काढलेला घुमारा आठवला. शेवटच्या भागात लाकडी पट्ट्यांचा झायलोफोन नाचाची चाल धरतो. ती चाल कुठल्या खेड्यातून उचललेली नाही, त्याची स्वतःचीच आहे. पण तिच्या पायांना माती लागलेली आहे.

माझे अस्वस्थपण त्या मातीचे.

बऱ्याच वर्षांपूर्वी शाळेच्या संमेलनाला गावकुसाबाहेरच्या वस्तीतला एक मुलगा हलगी घेऊन आला होता. शाळेमागे पाचोळ्याचा जाळ करून त्याने ती शेकली होती. तिलाही एक आखूड काठी नि एक बारीक कामटी. मी म्हणालो, "अरे, ही मिरवणुकीत ठीक. इथे पेटी-तबला आहे." तो काही बोलला नाही. कार्यक्रमभर सगळ्यांच्या मागे उभा राहून हलगीच्या कडेवर नुसती बोटे हलवत होता. तबलजी दोनदा चुकला, तो एकदाही नाही. हे मी तेव्हाच पाहिले होते, हे आता कबूल करायला हरकत नाही.

परवा त्याच्या घरी गेलो. तो आता रिक्षा चालवतो. सोनाट्याचा शेवट मी त्याला ऐकवला. पिआनो मंदावतात आणि ताशासारखे एक ढोलके नि झांज हळूहळू विरत जातात, तो. डोळे मिटून त्याने ऐकले. म्हणाला, "गुरुजी, थंड पडत चाललंय बघा कातडं."

त्याची हलगी आता भाच्याकडे असते. भाच्याला यंदाच्या संमेलनात तबलजीशेजारी बसवायचे ठरले आहे. जाळ कुठे करायचा, यावर मात्र मुख्याध्यापकांचा विचार अजून चालू आहे.