माझ्या नावावरच्या डोमेनास

प्रिय डोमेन,



हे पत्र उघडं लिहितोय, कारण ते तुझ्याइतकंच माझ्या मित्रमंडळींसाठीही आहे. दर दोन-तीन वर्षांनी 'माझा ईमेल बदलला आहे, कृपया नोंद घ्यावी' असा निरोप धाडणारे आणि जाहिरातींच्या ढिगातून कामाचं एक पत्र शोधण्यात सकाळ घालवणारे कितीतरी स्नेही आहेत माझे. त्यांना वाटतं, डोमेन ही कंपनीवाल्यांची, वेबसाइटवाल्यांची गोष्ट. माझी तर वेबसाइटही नाही. तू आहेस ते फक्त पत्रव्यवहारासाठी: माझं आडनाव, पुढे डॉट, पुढे इन. एवढ्यानं काय साधतं, ते त्यांना कळावं.

विदेश संचार निगमनं (व्हीएसएनएल) १५ ऑगस्ट १९९५ला आपल्याकडे इंटरनेट सर्वांना खुलं केलं. तेव्हा व्हिजिटिंग कार्डांवर व्हीएसएनएलचे पत्ते आले, ॲटपुढे पाठ न होणारी अक्षरं आणि आकडे असलेले. मग हॉटमेल, रेडिफमेल. कुणाचा पत्ता बीएसएनएलच्या संचारनेटवर. १ एप्रिल २००४ला जीमेल एक जीबी जागा घेऊन आलं आणि हळूहळू सगळे तिकडे गेले. जुने दिवाळी अंक काढून बघा. लेखाच्या शेवटी लेखकाच्या नावाखाली छापलेले कितीतरी ईमेल पत्ते आज कुठेच पोचत नाहीत. लेखक त्याच घरात आहे, लिहिता आहे, पण वाचकाचं पत्र परत येतं. ॲटच्या उजवीकडचं नाव सेवा देणाऱ्याचं होतं; ती सेवा गेली आणि पत्ता तिच्याबरोबर गेला.

उजवीकडे तू आलंस आणि हे चित्र बदललं. १९८३मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नावांची व्यवस्था मांडली आणि १९८६पर्यंत तिच्यात टपालासाठी खास नोंद ठरली, एमएक्स नावाची. मला कुणी मेल पाठवला की त्याचा सर्व्हर आधी विचारतो, या डोमेनचं टपाल कोण घेतं? उत्तर एमएक्स नोंदीत असतं आणि ती नोंद मी लिहितो. आज एका कंपनीकडे माझा मेलबॉक्स आहे. उद्या तिचे दर परवडेनासे झाले, तर नोंदीच्या दोन ओळी बदलायच्या. काही तासांत टपाल दुसऱ्या कंपनीकडे उतरायला लागतं. पत्र लिहिणाऱ्याला कळतही नाही. गूगलनं २००६मध्ये स्वतःच्या डोमेनवर फुकट मेल द्यायला सुरुवात केली, डिसेंबर २०१२मध्ये नव्या लोकांसाठी ते बंद केलं आणि जानेवारी २०२२मध्ये जुन्यांनाही आता पैसे भरा म्हणून कळवलं. पुढे घरगुती वापरापुरती सूट दिली, पण मधल्या काळात बरेच जण बिऱ्हाड हलवून मोकळे झाले होते. त्यांचे पत्ते होते तेच राहिले.

आता ज्यासाठी मी तुझा खरा ऋणी आहे, त्या गोष्टीकडे येतो.

तुझ्यामागे डावीकडे मी काहीही लिहू शकतो. चपलांच्या दुकानाला दुकानाच्याच नावाचा पत्ता, विम्याला विम्याचा, गॅसला गॅसचा, मुलीच्या क्लासला क्लासचा. सगळं येतं एकाच मेलबॉक्समध्ये, पण कोणता पत्ता कुणाला दिला होता ते पाकिटावरच दिसतं. काउंटरवर याची थोडी गंमत होते. बिलासाठी ईमेल मागणारी मुलगी टाइप करता करता थांबते आणि वर बघते. "सर, हे तर आमच्या दुकानाचं नाव आहे. तुम्ही आमच्या कंपनीत आहात का?" मी सांगतो, की हा पत्ता फक्त तुमच्यासाठी आहे. "आणि पुढे जीमेल नाही?" नाही. ती पुन्हा एकदा अक्षरं वाचून दाखवते, मी हो म्हणतो, बिल येतं. रांगेतल्या एखाद्यानं विचारलंच, तर मी थांबून समजावून सांगतो. हे जितक्यांना कळेल तितकं बरं.

घरांच्या एका प्रदर्शनात मी नाव नोंदवलं होतं, तेव्हा आयोजकांसाठी वेगळा पत्ता दिला. जगात दुसऱ्या कुणालाही तो दिलेला नव्हता. काही आठवड्यांनी त्याच पत्त्यावर कर्जतचे एनए प्लॉट, वैयक्तिक कर्ज आणि शेअरच्या टिपा यायला लागल्या. जीमेलचा एकच पत्ता सगळीकडे दिला असता, तर हे लोक कुठून उगवले ते कळलंच नसतं. इथे वाट सरळ दिसत होती: माझी माहिती त्या प्रदर्शनवाल्यांकडून पुढे गेली. मी तो पत्ता बंद केला. आता त्यावर आलेला मेल दारातूनच 'असा पत्ता नाही' म्हणून परत जातो आणि बाकीचे पत्ते बिनधोक चालू आहेत. जीमेलमध्ये नावापुढे अधिकचं चिन्ह टाकून असे पोटपत्ते करता येतात, हे मला ठाऊक आहे. पण अधिकपासून पुढचा भाग खोडला की मूळ पत्ता हाती लागतो, हे याद्या विकणाऱ्यांनाही ठाऊक आहे, आणि पुष्कळ फॉर्म ते चिन्ह स्वीकारतच नाहीत.

याला मी पुरावा म्हणतो. फोन आणि एसएमएसच्या त्रासावर ट्राय या दूरसंचार नियामकाची डीएनडी नोंदणी आहे. ईमेलसाठी तशी सोय आपल्याकडे नाही. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमतीची भाषा करतो, माहिती कशासाठी घेतली तेवढ्यापुरतीच वापरा म्हणतो. पण माहिती कुणी फोडली हेच माहीत नसेल, तर सामान्य माणसानं बोट कुणाकडे दाखवायचं? तुझ्यामुळे मला ते दाखवता येतं. 'हा पत्ता मी अमुक दिवशी फक्त तुम्हाला दिला होता' असं मी एका संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिलं, तेव्हा त्याचं उत्तर छापील नव्हतं. इतर वेळी ते छापीलच असतं.

नको असलेल्या मेलचा हा रोग जुना आहे. ३ मे १९७८ला गॅरी थुएर्क या अमेरिकी विक्री अधिकाऱ्यानं आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात इंटरनेटच्या पूर्वीच्या आर्पानेट या जाळ्यावरच्या जवळपास चारशे जणांना एकदम पाठवली होती. १९८२मध्ये मेल वाहून नेण्याचे नियम पक्के झाले, तेही एकमेकांना ओळखणाऱ्या संशोधकांच्या जगात. पाठवणाऱ्याच्या जागी कुणीही कुणाचंही नाव लिहू शकतो आणि कुणी तपासत नाही, हे त्यातच राहून गेलं.

त्याचा फटका तुलाही बसतो. तुझं नाव पाठवणाऱ्याच्या जागी टाकून कुणी हजारो मेल सोडले, तर न पोचलेले सगळे परत येऊन माझ्याकडे आदळतात. म्हणून तीन नोंदी करून ठेवाव्या लागतात. या डोमेनचं टपाल कोणते सर्व्हर पाठवतील, ते एसपीएफ सांगतं. डीकेआयएम प्रत्येक मेलवर डिजिटल सही करतं. या कसोट्यांना न उतरणाऱ्या मेलचं काय करायचं, ते डीमार्क सांगतं. माझ्याकडे 'नाकारा' असं लिहिलेलं आहे. फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही नोंदी सक्तीच्या केल्या. घरगुती डोमेनवर त्या करायला एक संध्याकाळ पुरते, आणि मेलबॉक्स देणाऱ्या कंपन्या कुठे काय लिहायचं ते ओळीनं दाखवतात.

डावीकडे काहीही चालू ठेवणं, म्हणजे कॅचऑल, याचीही मर्यादा सांगायला हवी. इन्फो, सेल्स, ॲडमिन अशी अंदाजानं लावलेली नावं काही दिवसांत दार ठोठावायला लागतात. ती सरळ बंद करावीत. पोस्टमास्टर आणि अब्यूज ही दोन नावं मात्र उघडी ठेवावीत. तो १९९७पासूनचा संकेत आहे आणि तुझ्याबद्दल कुणाला तक्रार करायची झाली, तर ती तिथेच येणार. घरी स्वतःचा सर्व्हर चालवण्याच्या फंदात मात्र मित्रांनी पडू नये. मोठ्या कंपन्या अनोळखी सर्व्हरचं टपाल सहज स्पॅममध्ये टाकतात. नाव आपलं असावं, हमाली चेन्नईच्या झोहोसारख्या एखाद्या जाणत्या कंपनीला द्यावी.

आणि तू तरी पूर्ण माझं कुठे आहेस? तुझा सातबारा माझ्या नावावर नाही, तू भाडेपट्ट्यावर आहेस. २००५मध्ये डॉट इन सर्वांना खुलं झालं. ते निक्सी या संस्थेच्या अखत्यारीत चालतं, आणि वर्षाचं भाडं हजार रुपयांच्या आतबाहेर असतं. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचं भरता येतं. भाडं चुकलं आणि मुदतीत सोडवून घेतलं नाही, तर तू बाजारात मोकळं होतंस. जो घेईल त्याला माझं सगळं टपाल मिळेल, त्यात बँकेचे मेल आणि पासवर्ड बदलण्याचे दुवेही. या एका कारणासाठी मी मित्रांना बजावतो: ज्याला नूतनीकरणाची आठवण राहणार नाही, त्यानं डोमेन घेऊ नये. घेतलं, तर नोंदणी करणाऱ्या कंपनीत संपर्काचा ईमेल त्याच डोमेनवरचा देऊ नये. डोमेन बंद पडलं की त्याची सूचनाही त्याच्याबरोबर बुडते. खात्याला दुहेरी पडताळणी लावावी, हस्तांतराचं कुलूप चालू ठेवावं. फोन नंबरही विचार करून द्यावा. तुझी नोंदणी झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी 'सर, वेबसाइट बनवानी है क्या?' असे फोन सुरू झाले होते, आणि त्यांना नंबर कुठून मिळाला याचं उत्तर कुणी देईना.

एक मागणं राहिलं आहे. ऑगस्ट २०१४पासून देवनागरीत डॉट भारत मिळतं. ॲटच्या दोन्ही बाजूंना देवनागरी चालावी असे तांत्रिक नियम त्याच्याही आधी, २०१२मध्ये झाले. तरीही आपल्याकडचे किती फॉर्म असा पत्ता घेतात? 'अवैध ईमेल' म्हणून लाल अक्षरं येतात. निदान आपल्या महापालिकांनी आणि विद्यापीठांनी तरी हे दुरुस्त करावं, आणि त्यासाठी मी लिहीत राहणार आहे. माझं आडनाव देवनागरीत मिळालं, तर तुझ्या जोडीला घेईन. तुला सोडणार नाही.

या वेळी तुझं भाडं दहा वर्षांचं भरलं आहे. विम्याच्या पॉलिसी असतात त्या फाइलमध्ये तुझा कागद लावला आहे: नोंदणी कुठे आहे, मुदत कधी संपते, एमएक्स नोंद कशी बदलायची. मुलीला तो एकदा समोर बसवून वाचायला लावला. तिचे स्वतःचे पत्ते आता तुझ्यावरच आहेत.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
नोंदणीधारक