औटकी, दीडकी आणि मणीमाळ

तिसरीच्या भूगोलात तेव्हा आपला जिल्हा असायचा. धडे वाचायचे, प्रश्नोत्तरं पाठ करायची, पण खरी मजा नकाशाची. कोऱ्या कागदाला बोटभर करडीचं तेल चोळायचं, तो उन्हात धरायचा आणि आरपार दिसायला लागला की पुस्तकातल्या नकाशावर ठेवून शिसपेन्सिलीनं सीमा गिरवायची. वर्गभर तेलाचा वास, आणि गिरवताना शेजाऱ्याचं कोपर लागलं की मांजरा नदी भलतीकडंच वाहायची. 1982 च्या जूनमध्ये आम्ही तिसरीत गेलो तेव्हा उस्मानाबाद जिल्हा पूर्वेला पार उदगीर-अहमदपूरपर्यंत पसरलेला होता. झेंडावंदनाच्या दुसऱ्या दिवशी, 16 ऑगस्टला, लातूर जिल्हा वेगळा झाला. पुस्तक तेच, जिल्हा मात्र बदललेला. गुरुजींनी फळ्यावरच्या नकाशात तांबड्या खडूनं एक रेघ ओढली आणि लातूर, औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर रेघेच्या पलीकडं गेले. आम्ही घोकलेल्या यादीत उस्मानाबाद, तुळजापूर, उमरगा, कळंब, भूम, परंडा एवढेच उरले. ज्यांचं आजोळ औशाला नाहीतर निलंग्याला होतं, ती लेकरं त्या दिवशी खरोखर हिरमुसली होती.

आज मी याच जिल्ह्यात, कळंब तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पुढं वाशी आणि लोहारा हे तालुके झाले, 2023 मध्ये जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. आमच्या वर्गाच्या फरशीवर हा आठ तालुक्यांचा जिल्हा तैलरंगात काढलेला आहे. मी नाव घेते, लेकरू त्या तालुक्यावर जाऊन उभं राहतं. तुळजापूरवर उभं राहायला भांडणं होतात. मग टीव्हीवर उपग्रहाचा नकाशा लावला की मुलं बोटानं दाखवत आपलं गाव, गावातली शाळा, शाळेमागचं देवळाचं शिखर शोधून काढतात. आम्हाला जिल्हा पाठ होता. या मुलांना त्यातली आपली जागा माहीत आहे. हा फरक मला मोठा वाटतो.

पण तेव्हाची शाळा आधी कानावर यायची, मग डोळ्यांना दिसायची. दोन खोल्या, चार वर्ग, दोन गुरुजी. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसरीत, आणि उन्हाळ्यात सगळ्यांची बैठक लिंबाखाली. गुरुजी तिसरीला गणितं घालत असले की पहिली-दुसरी चौथीतल्या एखाद्या हुशार पोराच्या ताब्यात. तो पुढं उभा राहून ‘बे एके बे’ म्हणणार आणि बाकीचे त्याच्यामागं तेच म्हणणार. मधली ओळ कुणी गाळली तर ताल मोडायचा आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. शेतातून जाणाऱ्या बायकांना आवाजावरून कळायचं की आता सतराचा चाललाय, म्हणजे सुट्टीला अजून वेळ आहे. सतरा आणि एकोणीस हे दोन पाढे भल्याभल्यांचा घाम काढायचे. तीसचा आला की जोर वाढायचा, कारण तो सोपा आणि शेवटचा.

संध्याकाळी दिवेलागणीला घरोघर परवचा. हातपाय धुऊन देवापुढं बसायचं आणि पाढे, महिने, वार, नक्षत्रं एका दमात म्हणायची. चुलीपुढं भाकरी थापणारी आई कधी शाळेत गेलेली नव्हती, पण आम्ही ‘बारा पाचे’ नंतर अडखळलो की तिचा हात थांबायचा. उत्तर तिला सांगता यायचं नाही, चुकलं एवढं नेमकं कळायचं.

आजोबांचं गणित आमच्याही पुढचं. त्यांचं शिक्षण निजामाच्या राज्यातलं. सरकारी शाळेत उर्दूचा वरचष्मा. मराठीतून आणि राष्ट्रीय वृत्तीनं शिकवायचं तर लोकांनाच शाळा काढावी लागायची. आपल्याच जिल्ह्यात लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याला 1921 साली राष्ट्रीय शाळा निघाली. पुढं हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व केलेले स्वामी रामानंद तीर्थ तिथं शिक्षक होते. आजोबांच्या वाट्याला तेवढं भाग्य नव्हतं. गावातल्या पंतोजींपुढं धूळपाटीवर अक्षरं गिरवून ते थांबले. पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, त्यांना मरेपर्यंत तोंडपाठ होती. ते काही कौतुकासाठी नव्हतं. रुपयाचे सोळा आणे, शेराचे सोळा छटाक, मणाचे चाळीस शेर. अशा व्यवहारात पाव आणि पाऊण पावलोपावली भेटत. अकरा आणे शेराचं साडेतीन शेर तूप घेतलं तर अकरा औट साडेअडतीस, म्हणजे दोन रुपये साडेसहा आणे, हे दुकानदारानं बोलायच्या आत ते बोलून मोकळे व्हायचे. लातूरच्या अडतीवर हिशेबाला फसलेला माणूस वर्षभराची ज्वारी घालवून यायचा, त्यामुळं औटकी हे कुणब्याचं संरक्षण होतं. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पुढच्या काही वर्षांत शेर-मण जाऊन किलो-क्विंटल आले आणि औटकीचा उपयोगच संपला. आमच्या पिढीला निमकी आणि दीडकीपर्यंत शिकवलं. आमच्यानंतर तेही गेलं.

आता त्या आवाजाच्या आठवणीनं गळा दाटून येतो हे खरं असलं, तरी शिक्षिका झाल्यावर त्या आवाजात काय झाकलं जायचं तेही मला दिसायला लागलं. सगळ्यांनी मिळून म्हटलं की ज्याला येतं त्याचा आवाज मोठा, आणि ज्याला येत नाही तो नुसते ओठ हलवणार. मागच्या ओळीत बसून असे ओठ हलवणारी पोरं-पोरी दरवर्षी दोन-चार असत. त्यांना एकट्यानं उभं केलं की छडी ठरलेली. दुसरी-तिसरीत ती शाळेत येईनाशी होत. मुलगा असेल तर गुरांमागं, मुलगी असेल तर धाकट्या भावंडांमागं. आमच्या वेळी पाढे सगळ्यांना पाठ होते, असं आपण अभिमानानं म्हणतो तेव्हा त्यात ही मुलं धरलेली नसतात. शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि छडीला कायद्यानंच मनाई झाली. त्यानं मुलं बिघडली असं म्हणणारी माणसं आजही पारावर भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. भीती गेली म्हणून आज वर्गात ‘मला हे कळलं नाही’ असं मूल बोलतं. माझ्या शाळेच्या चार वर्षांत हे वाक्य मी एकदाही ऐकलं नव्हतं.

दुसरीतल्या एका मुलीची गोष्ट सांगते. तिला ‘बत्तीस लिही’ म्हटलं की ती 23 लिहायची. पहिल्यांदा वाटलं, आकड्यांची नुसती अदलाबदल होतेय. पण तिचं बरोबरच होतं. बत्तीस म्हणताना कानाला आधी दोन ऐकू येतात, मग तीस. कानावर आलं त्या क्रमानं ती लिहीत होती. आमच्या वेळी यावर उपाय एकच, दहा वेळा लिहून आण. मी तिला आईस्क्रीमच्या काड्यांचे गठ्ठे दिले. दहा-दहाचे तीन गठ्ठे रबर लावून एका बाजूला आणि दोन सुट्या काड्या दुसऱ्या बाजूला. गठ्ठे कोणत्या घरात, सुट्या कोणत्या घरात, हे तिनंच ठरवलं. मग शंभर मण्यांची माळ घेतली. त्यात दहा लाल, दहा पांढरे असे मणी ओवलेले असतात. तिनं तीन रंग ओलांडले, पुढचे दोन मणी सरकवले आणि तिथं चिमटा लावला. थोडा वेळ ती तिकडं बघत राहिली. मग आपण होऊन उलटीकडून मोजत गेली, तेविसावर दुसरा चिमटा लावला आणि म्हणाली, ‘बाई, हे इथं हाय अन् ते तिथं हाय, मग एकच कसं आसंल?’ त्यानंतर ती चुकली नाही.

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस-बावीसच्या जोडीला वीस एक, वीस दोन अशी वाचनाची रीत दिली आणि महाराष्ट्रभर गदारोळ उठला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे समजावून सांगत होत्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांत मुलं अडखळतात, त्यांना एक पायरी द्या. टीका करणाऱ्यांपैकी किती जण दुसरीच्या वर्गात आठवडाभर बसले असतील, असं तेव्हा मनात आलं. मी दोन्ही शिकवते. बाजारात आणि घरात बत्तीसच म्हणावं लागणार, पण तीस दोन ही पायरी कुणाला लागत असेल तर ती काढून घेण्यात कसली आली भाषेची सेवा?

लिहिण्याचंही तसंच. दगडी पाटी, तिच्या लाकडी चौकटीला पडलेलं भोक, त्यातून ओवलेला चिंधीचा बोळा. पाटी काळी करायला कोळसा आणि पाला घासायचा. शनिवारी सकाळची शाळा, त्या दिवशी मुली शेणानं वर्ग सारवायच्या आणि मुलं फळा रंगवायची. बॅटरीचे संपलेले सेल दगडानं फोडून आतली काळी पूड काढायची, वाटलेल्या पाल्याच्या रसात कालवायची आणि चिंधीनं फळ्याला फासायची. सोमवारी त्या काळ्याभोर फळ्यावर गुरुजींचं पहिलं अक्षर उमटायचं, मोत्यासारखं. कित्ता गिरवून गिरवून आमचीही अक्षरं वळणदार झाली. आजच्या मुलांचं अक्षर तसं नाही, हे मला डाचतं, आणि मी रोज दहा ओळी शुद्धलेखन घेतेच.

पण आम्ही लिहायचो ते सगळं दुसऱ्याचं. पुस्तकातला उतारा, फळ्यावरचं उत्तर, ‘माझी आई’ हा गुरुजींनी सांगितलेला निबंध. सगळ्यांच्या आया सारख्याच पहाटे उठणाऱ्या. आता तिसरीतली मुलं रोज चार ओळी स्वतःच्या लिहितात. शेळीला करडू झालं, बोअरला पाणी लागलं नाही, आजीचे डोळे तपासायला बार्शीला नेलं. शब्द घरचे असतात, ऱ्हस्व-दीर्घ चुकलेले असतात. मी आधी वाचते, दाद देते आणि मग एखादी चूक दाखवते. एका मुलानं विहिरीचा तळ दिसायला लागल्याचं जे लिहिलं होतं, ते वाचून मी तास थांबवला आणि सगळ्या वर्गाला ऐकवलं.

टॅब, टीव्ही, क्यूआर कोड यांवर फार बोलावं असं मला वाटत नाही. परंड्याच्या पलीकडं, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 मध्ये ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला तेव्हा आमच्याकडच्या शाळांतही पेढे वाटले गेले. क्यूआर कोडमुळं कविता ऐकता येते, हृदय धडधडताना दिसतं, हे चांगलंच आहे. पण करोनात शाळा बंद पडल्या तेव्हा घरात एकच मोबाईल, तोही बापाच्या खिशात आणि बाप उसाच्या फडात, हे आम्ही पाहिलं आहे. मोबाईल होता त्या घरातही पहिलीच्या मुलाला ‘क’ चा वळसा हात धरूनच शिकवावा लागला.

फड म्हटलं की एक गोष्ट तेव्हाची आणि आताची सारखीच निघते. कळंब, भूम, वाशी या भागातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चूल, पांघरुणं, कोंबड्या आणि लेकरं. आमच्या वर्गातली मुलं दिवाळीनंतर कमी व्हायची, तशी आजही होतात. तेव्हा हजेरीपटावर नुसती फुली पडायची. आता हंगामी वसतिगृहाची सोय झाली आहे, गावातच मुलांच्या जेवणाची व्यवस्था होते, त्यामुळं बरीच मुलं आजी-आजोबांजवळ राहतात. जी जातात त्यांची नावं आम्ही टिपून ठेवतो, पाडव्याला परत आल्यावर त्यांचे राहिलेले धडे घेतो. पण सहा महिन्यांची तूट महिन्याभरात भरून निघत नाही. आठवीपर्यंतच्या शिक्षणाची हमी कायद्यानं दिली असली तरी उसाच्या फडावर वाढणाऱ्या मुलापर्यंत ती पुरती पोचलेली नाही. या बाबतीत तरी ‘तेव्हा आणि आता’ मध्ये यापेक्षा मोठा फरक पडायला हवा होता.

मागं गावातच राहिलेल्या मुलांसाठी मी परवचा पुन्हा सुरू केली आहे. आधी वर्गात मणीमाळेवर पाढा तयार करायचा, तो का तसा वाढतो ते पाहायचं, आणि मगच पाठ करायचा. संध्याकाळी आजीपुढं बसून म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी आजी काय म्हणाली ते सांगायचं. आज्यांपैकी बहुतेकींना लिहिता-वाचता येत नाही, पण कुठं अडखळलं ते त्यांना बरोबर ऐकू येतं. गेल्या हंगामात चौथीतला एक मुलगा उलट आजीकडूनच दीडकी शिकून आला. जन्मभर आठवडी बाजारात भाजी विकलेली बाई. दीडपटीचा हिशेब तिच्या तोंडावर. त्यानं वर्गात म्हणून दाखवली तेव्हा मुलांना वाटलं तो काहीतरी खोटं रचतोय. मग काड्या काढल्या. एक अख्खी आणि एक मोडून अर्धी, अशा सात जोड्या मांडल्या, अर्ध्यांना अर्ध्या जोडल्या आणि साडेदहा भरल्या. त्यावर तिसरीतली मुलंही उठून आली. औटकी या आजींना येत नाही. पण गावात अजून दोन-तीन म्हातारी माणसं अशी आहेत की त्यांना ती येते, आणि या महिन्यातल्या एका शनिवारी त्यांना शाळेत बोलवायचं मुलांनी ठरवलं आहे. काड्या मोडून ठेवायचं काम पहिलीकडं दिलं आहे.