चावी सगळ्यात शेवटी

आमच्या इंदूरच्या जुन्या घरामागे पत्र्याची एक शेड होती. त्या शेडमध्ये १९७० सालची फियाट ११०० डी गाडी २००७ पासून उभी होती. माझा जन्म २०१० चा. त्यामुळे तिला चालताना मी कधी पाहिलेच नव्हते. लहानपणी लपाछपी खेळताना तिच्यामागे लपायचो, एवढीच आमची ओळख.

या उन्हाळी सुट्टीत घरी गेलो तेव्हा कळले की घर पाडून नवे बांधायचे ठरले आहे आणि जूनअखेर जागा रिकामी करून द्यायची आहे. काकाने भंगारवाल्याला बोलावले होते. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "चालू असेल तर गाडी, बंद असेल तर लोखंड." लोखंडाला किलोचा भाव. काकाचेही चुकत नव्हते. जागची न हलणारी गाडी भाड्याच्या घरी नेणार कशी? मी त्याच्याकडे २० जूनपर्यंतची मुदत मागितली. तो म्हणाला, "तोवर स्वतःच्या इंजिनावर शेडबाहेर आली, तर ठेवू."

मला वाटले होते, आजी माझ्या बाजूने बोलेल, कारण ही गाडी चालवायची ती. आजोबांनी १९७८ मध्ये ती सेकंडहँड घेतली. त्या काळी आपल्या देशात मोटार म्हणजे ॲम्बॅसेडर, फियाट नाहीतर स्टँडर्ड, आणि नवी गाडी हवी तर वर्षानुवर्षे नंबर लावून बसायचे. आजोबांना सायकलच बरी वाटे. आजी मात्र गाडी शिकली आणि रोज तीच गाडी घेऊन मुलींच्या शाळेत गणित शिकवायला जाऊ लागली. पण मी मुदतीचे सांगितले तेव्हा ती फक्त म्हणाली, "देऊन टाका रे ती," आणि आत निघून गेली.

आमची गाडी मुंबईत कुर्ल्याला, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेली. ही कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये सुरू केली. त्याच माणसाने १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना उभारायला घेतला होता. त्याचेच पुढे एचएएल झाले. ११०० डी चे १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन नंतर प्रीमियर पद्मिनीतही आले. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी ती हीच. त्यातली शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

मदतीला आले ते महूचे सुभेदारकाका. ते ईएमईमधून, म्हणजे सैन्याची वाहने आणि यंत्रे दुरुस्त ठेवणाऱ्या कोअरमधून निवृत्त झाले आहेत. ते सीमेवर असताना त्यांचे कुटुंब आमच्या गल्लीत राहत होते आणि त्यांच्या दोन्ही मुली आजीकडे गणित शिकल्या. म्हणून ते आजीला अजूनही 'बाई' म्हणतात. आल्या आल्या त्यांनी बॉनेटही उघडले नाही. विचारले, "चावी कुठे आहे?"

"आजीकडे," मी म्हणालो.

"मग तिथेच राहू दे. चावी सगळ्यात शेवटी."

त्यांनी कारण समजावून सांगितले. गाडी इतकी वर्षे उभी राहिली की इंजिनातले तेल निथळून तळाशी जाते आणि वरचे भाग कोरडे पडतात. सिलिंडरच्या भिंतीला गंज धरतो आणि पिस्टनच्या रिंगा तिथेच चिकटतात. अशा वेळी नवी बॅटरी लावून स्टार्टर मारला, तर कोरडे लोखंड लोखंडावर घासते. "अशा गाड्या उभ्या राहून मरत नाहीत," ते म्हणाले, "घाईने सुरू करणारा त्यांना मारतो."

पहिले काम इंजिन मोकळे करण्याचे. चारही स्पार्क प्लग काढून प्रत्येक भोकात चार-चार चमचे इंजिन ऑइल आणि डिझेलचे मिश्रण ओतले आणि पाच दिवस तसेच मुरू दिले. मग पुढच्या चाकांना दगड लावले, मागचे एक चाक जॅकवर उचलले आणि गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली. गाडी गिअरमध्ये असली की चाक आणि इंजिन जोडलेले असतात, त्यामुळे चाक हाताने फिरवले तर आत पिस्टन हलायला हवेत. चाक तसूभरही हलले नाही. मी अंगाचा जोर लावायला गेलो, तर काकांनी हात धरला. "अडलेल्या जागी जोर केलास तर रिंग तुटेल. थोडे पुढे, थोडे मागे. ते जेवढे देईल तेवढेच घे." दोन दिवस सकाळ-संध्याकाळ हेच केले. तिसऱ्या दिवशी सकाळी चाक बोटभर सरकले, दुपारी वीतभर, आणि संध्याकाळी पुरे फिरले. प्लगच्या भोकांतून फस्स करून हवा आणि तेल बाहेर आले. माझा शर्ट खराब झाला, पण त्या आवाजाचा आनंद मी विसरणार नाही.

पेट्रोलची टाकी डिकीतून काढली. आत पेट्रोल नव्हतेच, तपकिरी चिकट थर होता आणि त्याला जुन्या वॉर्निशसारखा वास येत होता. टाकीत बारीक खडी आणि रॉकेल घालून आम्ही ती अंगणात लोळवली. चार वेळा धुतली तेव्हा निवळ पाणी आले. मग ती उन्हात पूर्ण वाळवली. कार्ब्युरेटरची जेट हवेने साफ केली. तार घालायची नाही, कारण भोक जरासे मोठे झाले तरी पेट्रोलचे माप बिघडते. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि ते जुने रबर मऊ करते, म्हणून पेट्रोलचे सगळे पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम नवा घातला. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, फुटलेले टायर, रेडिएटरचे पाइप यांत आणखी एक आठवडा गेला.

एअर फिल्टर उघडला तेव्हा आत उंदराचे घरटे निघाले. ते कागदाच्या कपट्यांचे होते. शेडमध्ये आजीचे जुने पेपर पोत्यात भरून ठेवलेले होते, त्यांचेच ते कपटे. एका कपट्यावर लाल शाईचा शेरा अर्धा शिल्लक होता: 'पायऱ्या दाखव.' तो कपटा मी आजीला नेऊन दिला. तिने चष्मा लावून पाहिला आणि हसली. त्या दिवशी चहा घेऊन ती पहिल्यांदा शेडपाशी आली. दुसऱ्या दिवशी तिने खुर्चीच मागवून घेतली.

ब्रेकचे काम दोघांचे असते. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, त्यामुळे चारही चाकांचे सिलिंडर गंजून बसले होते. ते काढून साफ केले आणि नवी रबरे घातली. मग पाइपमधली हवा बाहेर काढायची होती. त्यासाठी एकाने आत बसून पेडल दाबायचे आणि दुसऱ्याने चाकापाशी निपल उघडायचे. काकांनी मुद्दामच विचारले, "बाई, जरा बसता का आत?"

आजी बसली. बसल्याबरोबर तिचा डावा हात आरशाकडे गेला आणि तिने आरसा नीट केला. मागे धुळीने भरलेल्या भिंतीशिवाय काही दिसत नव्हते, तरीही.

"दाबा!" मी चाकाखालून ओरडलो.

"दाबला."

"धरून ठेवा!"

"धरला."

"सोडा!"

सर्वांत लांबचे, म्हणजे मागचे डावे चाक आधी, असे करत चारही चाके झाली. परेडच्या मैदानावर इतक्या शिस्तीने हुकूम पाळणारा स्क्वॉड मी पाहिलेला नाही. काम संपले तरी आजी उतरली नाही. मी बाजूला जाऊन बसलो. थोड्या वेळाने तीच बोलली.

"२००७ च्या पावसाळ्यात, रात्री दोन वाजता, तुझ्या आजोबांच्या छातीत दुखायला लागलं. बाहेर धो धो पाऊस. मी चावी फिरवली, आणि एका चावीत गाडी सुरू झाली. कुठे अडली नाही, कुठे बंद पडली नाही. बारा मिनिटांत पोचलो. ते काही परत आले नाहीत. मी एकटी गाडी घेऊन घरी आले, शेडमध्ये लावली आणि चावी काढून घेतली." मग म्हणाली, "सगळे समजतात, गाडी बिघडली म्हणून उभी आहे. तिचं काहीच बिघडलं नव्हतं."

मला काय बोलावे सुचले नाही. मी तिच्या शेजारी नुसता बसून राहिलो.

१५ जूनला, रविवारी, बॅटरी लावली. प्लग बाहेरच ठेवून आधी इंजिन नुसते फिरवायचे होते. पेट्रोल बंद, ठिणगी बंद, फक्त तेल वर चढेपर्यंत. आजीने पदराच्या गाठीतून चावी काढली. काकांच्या खुणेबरोबर तिने स्टार्टर दिला. काही सेकंदांनी डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा विझला. मग प्लग लावले, वायरी १-३-४-२ या ज्वलनक्रमाने जोडल्या. पहिल्यांदा नुसतीच घरघर झाली. दुसऱ्यांदा कार्ब्युरेटरमधून फाटकन आवाज झाला आणि काकाची बायको घरात पळाली. सुभेदारकाकांनी डिस्ट्रिब्यूटर केसभर फिरवला आणि मान हलवली. तिसऱ्यांदा इंजिन खोकले, थांबतेसे वाटले आणि धरले. सिलिंडरमधले तेल जळू लागल्याने शेडभर पांढरा धूर झाला. धूर निवळला तेव्हा आजी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत होती.

वाहन परवान्याचे वय १८ आणि माझे १५, त्यामुळे माझी नेमणूक आग विझवायचे सिलिंडर घेऊन गाडीशेजारी चालण्याची होती. आजीने क्लच दाबला, स्टिअरिंगखालच्या दांड्याने पहिला गिअर टाकला आणि गाडी अंगणातून फाटकापर्यंत आणली. ब्रेकही तिनेच लावला. ब्रेक लागला.

२० जूनला भंगारवाला आला. गाडी सुरू करून दाखवली, तर म्हणाला, "मग ही गाडी आहे," आणि लोखंडाच्या कितीतरी पट भाव सांगितला. काकाने आजीकडे पाहिले. आजी म्हणाली, "विकायची नाही." काकाने शब्द पाळला.

गाडीची नोंदणी कधीच संपलेली होती, म्हणून ती रस्त्यावर चालवत नेणे योग्य नव्हते. ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात ठेवलेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम केले आहेत. त्यासाठीचा अर्ज काका भरतो आहे. तोवर गाडी महूला सुभेदारकाकांच्या अंगणात राहील. न्यायला ट्रक आला तेव्हा हमालांनी दोर काढले. काकांनी ते परत ठेवायला लावले आणि फळ्यांवरून गाडी तिच्याच इंजिनावर वर चढवली.

आपल्या शाळेतल्या रायफली महिनोन् महिने वापरल्या नाहीत तरी त्यांना तेल लावावेच लागते. आधी मला ते नुसते शिक्षेसारखे काम वाटायचे, आता वाटत नाही. दर रविवारी घरी फोन करतो तेव्हा आजी अभ्यासाचे विचारण्याआधी गाडीचे सांगते. काका तिला महूला घेऊन जातो, ती अंगणात चार फेऱ्या मारते आणि वहीत तारीख, वेळ, तेलाची पातळी लिहून ठेवते. गेल्या रविवारी मी विचारले, "आज किती वेळा चावी मारावी लागली?"

"एकदाच," आजी म्हणाली.